होंडा सीबी ३५० ते कॅफे रेसर : करवत हातात घेण्यापूर्वी

चक्रधर

होंडाची १९७१ सालची सीबी ३५० सध्या माझ्या हाताखाली आहे आणि तिला कॅफे रेसरचे, म्हणजे खाली हँडल, मागे पाय आणि छोटी सीट असलेल्या हलक्या गाडीचे, रूप द्यायचे ठरले आहे. ही दोन सिलिंडरची, ३२५ सीसीची जुनी गाडी आहे. अलीकडे याच नावाने निघालेल्या एका सिलिंडरच्या गाडीशी तिचे नाते नावापुरतेच आहे. एवढे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर प्रतिसादांत भलत्याच गाडीचे सुटे भाग सुचवले जातात.

गाडी मूळ स्वरूपात नीट सुरू होत नाही, नीट थांबत नाही आणि हँडल हलके धरले तरी सरळ धावत नाही, तोवर तिच्या फ्रेमला करवत लावू नये, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत उलटे घडते. उत्साहाच्या पहिल्या भरात मागचा मडगार्ड आणि सीटखालची नळी कापली जाते, मूळ एअर फिल्टर अडगळीत जातात, सायलेन्सरच्या जागी आखूड नळकांडे येते, जुने वायरिंग उपटले जाते आणि मग इंजिनाला किक मारायला घेतात. ते फुरफुरते, मध्येच बंद पडते, प्लग काळे करते. दोष कार्बोरेटरचा, फिल्टरचा, सायलेन्सरचा, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा की वायरिंगचा हे त्या वेळी निष्णात मेकॅनिकलाही सांगता येत नाही, कारण सगळेच एकदम बदललेले असते आणि तुलना करायला काहीच शिल्लक नसते. अर्धवट कापलेल्या इतक्या गाड्या विक्रीला का दिसतात, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

या शैलीचा उगम पाहिला तरी कापाकापीमागे कारण होते असे दिसते. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे एस कॅफे १९३८ साली सुरू झाले, युद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ साली पुन्हा उभे राहिले आणि पुढची दोन दशके वेगवेड्या दुचाकीस्वारांचे ठाणे बनले. ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, हा त्या मंडळींचा ध्यास होता. साध्या गाडीला तो आकडा सहज गाठता येत नसे, म्हणून वजनदार ते काढून टाकायचे आणि वारा छातीवर कमी यावा म्हणून हँडल खाली व पाय मागे न्यायचे, असा तो हिशेब होता. ट्रायटन हे त्यातले सर्वांत गाजलेले मिश्रण. मॅकँडलेस बंधूंनी रचलेली नॉर्टनची फेदरबेड फ्रेम १९५० साली शर्यतीत उतरली आणि वळणावर तिच्याइतकी स्थिर फ्रेम त्या काळी दुसरी नव्हती. ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींसाठी नॉर्टनच्या मँक्स या शर्यतीच्या दुचाकीची इंजिने काढून घेतली जात आणि बिनइंजिनाच्या फ्रेम मागे उरत. या फ्रेममध्ये ट्रायम्फचे जोड सिलिंडरचे इंजिन बसवले की उत्तम फ्रेम आणि उत्तम इंजिन एकत्र येई. या सगळ्यात दिसण्याचा विचार नव्हताच असे नाही, पण तो नंतरचा होता.

आता माझ्या गाडीची स्थिती सांगतो. इंजिन जाम नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये भरणारा दाब, मोजले तेव्हा दोन्ही सिलिंडर कमी भरले, पण कमी भरण्याचे कारण मात्र वेगवेगळे निघाले. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर डावीकडचा काटा चांगलाच वर गेला, म्हणजे तिथे पिस्टन रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. उजवीकडे काटा जागचा हलला नाही, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. एका चमच्यात एवढे कळत असताना हेड उघडण्याआधी ही चाचणी कोणी का टाळावी, हे मला समजत नाही.

इंजिन उघडणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जपानी गाड्यांच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे असले तरी ते जपानी मानकाचे असतात आणि त्यांची खाच किंचित निराळी असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण उतरत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करून ठेवतो. योग्य टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन हातोडीचा एक नेमका ठोका दिला, तर पन्नास वर्षे न हललेला स्क्रूही सुटतो.

गिअरपेटी

विवेचन आवडले, परंतु एक व्यावहारिक शंका आहे. आधी मूळ स्वरूपात उभी करायची आणि मग बदलायची, म्हणजे खर्च आणि श्रम दोन्ही दुप्पट होत नाहीत का? मूळ उंच हँडलसाठी नव्या केबल घ्यायच्या आणि क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना आवळलेली दोन तुकड्यांची खालची हँडले, बसवल्यावर त्याच केबल लांब पडणार. सीटचेही तेच. आणि रंगाचे काय? तो आधी की शेवटी?

चक्रधर

मूळ स्वरूपात चालती करणे आणि मूळ स्वरूपात सजवणे यांत मी फरक करतो. क्रोम, रंग, सीटचे कव्हर यांना हातही लावायचा नाही. जुन्या केबल तेल सोडून मोकळ्या करून चाचणीपुरत्या चालतात. चाकांची बेअरिंग, कोन सेट (स्टिअरिंगची बेअरिंग), स्विंगआर्मचे बुश, ब्रेक शू, टायर, चेन आणि स्प्रॉकेट यांवर झालेला खर्च पुढच्या रूपातही जसाच्या तसा उपयोगी पडतो. वाया जाते ते फार थोडे. रंग शेवटी, त्याबद्दल नंतर लिहितो.

बिनखोडाची

माझा विरोध मूळ कल्पनेलाच आहे. ही गाडी १९६८ ते १९७३ या काळात मोठ्या संख्येने खपली हे खरे, पण कापून टाकलेल्या गाड्याही मोठ्या संख्येने आहेत आणि अखंड, न कापलेली फ्रेम दरवर्षी दुर्मीळ होत चालली आहे. क्लिप-ऑन, रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट), छोटी सीट हे सगळे बोल्टवर बसते आणि बोल्टवरच निघते. सीटचा फायबरचा पाया मूळ फ्रेमच्या मागच्या नळ्यांवर बसेल असा ओतून घेता येतो आणि तिचा काऊल, म्हणजे मागचा फुगीर भाग, त्या नळ्यांची टोके झाकूनही टाकतो. मग कापायचे कशासाठी? उद्या गाडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याला ती मूळ रूपात हवी झाली, तर त्याला एका खोक्यात सारे मूळ भाग मिळावेत, एवढी सोय आपण ठेवू शकतो.

कापायचेच असेल तर दोन गोष्टींना स्पर्श करू नये. एक म्हणजे स्टिअरिंगच्या नळीवरील फ्रेम क्रमांक आणि इंजिनवरील क्रमांक, कारण नोंदणीची कागदपत्रे त्यांवर उभी असतात. सँडब्लास्टिंग करणारा माणूस जोरात फवारा मारून हे आकडे पुसट करू शकतो. दुसरी म्हणजे मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे आधार. त्यांच्या पुढचे काहीही कापले की ती सजावट राहत नाही, गाडीच्या ताकदीशी खेळ होतो.

ठिणगी

बिनखोडाची यांच्या भावनेचा आदर आहे, पण कॅफे रेसरची रेषा मूळ फ्रेमच्या मागच्या भागावर कधीच नीट बसत नाही. टाकीचा खालचा काठ आणि सीटचा खालचा काठ एका आडव्या रेषेत आले पाहिजेत. या गाडीच्या मागच्या नळ्या शेपटाकडे किंचित वर उचललेल्या आहेत, त्यामुळे त्यांवर ठेवलेली सीट मागे बेडकासारखी उसळी मारल्यागत दिसते. हूप, म्हणजे इंग्रजी यू आकाराची नळी, जोडल्याशिवाय ती रेषा मिळत नाही.

हूप जोडण्याची रीत मात्र सांगायला हवी, कारण पुष्कळ ठिकाणी दोन नळ्या तोंडाला तोंड लावून वरवर वेल्डिंग केलेले असते आणि तो जोड सीटवर बसलेल्या माणसाच्या वजनाने तडकतो. फ्रेमच्या नळीच्या आतल्या मापाचा सळईचा किंवा जाड नळीचा तुकडा घ्यावा, तो निम्मा फ्रेममध्ये आणि निम्मा हूपमध्ये सरकवावा, दोन्ही नळ्यांना बाजूने भोके पाडून त्यांतून आतल्या तुकड्याला वेल्डिंगने धरावे आणि मग कडेचा जोड भरावा. असा जोड वाकला तरी एकदम तुटत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि रेग्युलेटर दोन्ही सोडवून ठेवावेत.

हूप किती उंच ठेवायचा याचा अंदाज डोळ्यांनी करू नये. शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा काढून घ्याव्यात, नुसते दांडे परत बसवावेत आणि गाडी रबरी थांब्याला टेकेपर्यंत खाली दाबावी. त्या स्थितीत टायर आणि हूप यांच्यात, सीटच्या खालच्या पत्र्यासह, हाताची बोटे मोकळी फिरतील एवढी जागा उरली पाहिजे. वेगात टायर थोडा फुगतो, तीही जागा धरावी. दुकानात उभी असताना देखणी दिसणारी कित्येक गाडी पहिल्याच खड्ड्यात आपलाच टायर सीटवर घासते.

चक्रधर

बिनखोडाची आणि ठिणगी या दोघांचेही म्हणणे ग्राह्य धरून मी असे करतो आहे. आधी पुठ्ठ्याची आणि लाकडी फळीची खोटी सीट मूळ फ्रेमवर ठेवून पाहतो. टाकीचा मागचा रबरी आधार थोडा उंच केला की टाकीचा खालचा काठ बराच आडवा होतो आणि अर्धी तक्रार तिथेच मिटते. त्यावरही रेषा जुळली नाही तर शॉकॲब्सॉर्बरच्या आधारांच्या मागे, आणि केवळ तिथेच, कापेन. स्प्रिंगा काढून तपासण्याची सूचना फार मोलाची आहे.

फ्लोट

आतापर्यंत कोणी कार्बोरेटरला हात घातलेला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण या गाडीचे कॅफे रेसर करताना सर्वाधिक लोक तिथेच अडकतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सीबी ३५० वर केहिनचे दोन सीव्ही पद्धतीचे कार्बोरेटर आहेत. साध्या कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटरची केबल थेट स्लाइड उचलते. इथे केबल फक्त आतल्या मार्गातली गोल चकती फिरवते आणि सुई लावलेला स्लाइड उचलण्याचे काम हवेचा दाब करतो. स्लाइडच्या माथ्याशी रबरी डायफ्राम असतो. त्याच्या वरच्या पोकळीत इंजिनच्या ओढीने दाब कमी होतो, खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि या दोहोंतल्या फरकाने स्लाइड वर सरकतो. म्हणजे इंजिनला जेवढी हवा खरोखर ओढता येते तेवढाच स्लाइड उघडतो. ही व्यवस्था फार सभ्य आहे, पण तिची एक अट आहे. कार्बोरेटरच्या तोंडाशी येणारी हवा शांत आणि सलग असली पाहिजे.

ती शांत ठेवण्याचे काम दोन्ही बाजूंचे मूळ फिल्टर आणि त्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या करतात. ते काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट शंकूसारखे पॉड फिल्टर लावले की दोन गोष्टी होतात. नळीची लांबी गेल्यामुळे हवेचा प्रवाह विस्कळीत होतो आणि स्लाइड मधल्या वेगात थरथरत राहतो. शिवाय अनेक सीव्ही कार्बोरेटरच्या तोंडाच्या काठाशी बारीक छिद्रे असतात. त्यांपैकी काही डायफ्रामखालच्या पोकळीला हवा देतात आणि काही जेटना, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोट्यांना. स्वस्त पॉडचा जाड रबरी ओठ नेमका त्यांवर बसून ती झाकतो. मग गाडी रिकामी उभी असताना छान टुकटुकते, पूर्ण ॲक्सिलरेटरलाही बरी पळते, पण मधेच, जिथे रोजची गाडी चालवली जाते तिथे, धक्के देते. मालक मेन जेट वाढवत जातो आणि दोष तसाच राहतो, कारण दोष मेन जेटच्या टापूतला नसतोच. ॲक्सिलरेटर थोडा उघडा असताना पायलट जेटचे राज्य असते, मधल्या टप्प्यात सुईचे आणि जवळजवळ पूर्ण उघडल्यावरच मेन जेटचे.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण बराच काळ चालू दिले तर ज्वलनाचे तापमान चढते आणि शेवटी पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते, म्हणून हा केवळ गाडी अडखळण्याचा प्रश्न नाही. माझा आग्रह असा की मूळ फिल्टर ठेवावेत. फारच नको असतील तर कार्बोरेटर आणि पॉड यांच्यामध्ये नळीचा तुकडा ठेवून लांबी राखावी, ओठाने छिद्रे झाकली जात नाहीत हे पाहावे आणि मगच जेटकडे वळावे. तपासणीची रीत जुनी आणि भरवशाची आहे. नवे प्लग लावून गाडी एका ठरावीक ॲक्सिलरेटरवर काही अंतर चालवावी, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पोर्सेलीन पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर ठीक.

आणि हे सगळे करण्याआधी दोन्ही कार्बोरेटर व्हॅक्युम गेज लावून एकमेकांशी जुळवावेत. या इंजिनात एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, दोन्ही सिलिंडरना स्वतंत्र पॉइंट आणि स्वतंत्र कॉइल आहेत. डाव्या-उजव्याचा मेळ नसेल तर गाडी कार्बोरेटरमुळे अडखळते आहे असे वाटते आणि दोष पॉइंटच्या फटीत निघतो. ती फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवून टायमिंग दोन्ही बाजूंचे वेगवेगळे पाहावे.

ठिणगी

फ्लोट यांचे तांत्रिक म्हणणे खोडता येणार नाही, पण सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसणे हीच या शैलीची ओळख आहे. तिथे फिल्टरचे डबे, बॅटरी आणि पत्र्याची झाकणे दिसत राहिली तर कितीही क्लिप-ऑन लावले तरी गाडी अर्धवट वाटते.

फ्लोट

त्रिकोण मोकळा ठेवण्याची हौस तुलनेने अलीकडची आहे. साठच्या दशकातल्या गाड्यांवर त्या जागी बहुधा तेलाची टाकी आणि बॅटरी ठळक दिसत असे आणि कोणालाही ते खटकत नसे. तरीही हवाच असेल तर स्लाइड थेट केबलने उचलणारे कार्बोरेटर बसवावेत. ते उघड्या फिल्टरवर कमी कुरकुर करतात. खर्च वाढतो आणि ॲक्सिलरेटर एकदम पिळला तर इंजिन गुदमरते, हे मात्र स्वीकारावे लागेल.

मनगट

मी बसण्याच्या स्थितीबद्दल लिहितो. क्लिप-ऑन लावले आणि फूटरेस्ट मूळ जागी ठेवले तर शरीर पुढे झुकते, पाय मात्र पुढेच राहतात, कंबरेला आधार मिळत नाही आणि सगळे वजन तळहातांवर येते. रिअरसेट ही शोभेची वस्तू नाही. पाय मागे गेले की पायांच्या जोरावर धड उचलता येते आणि हात हलके राहतात. म्हणून एक केले तर दुसरे केलेच पाहिजे.

क्लिप-ऑन बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. अंगठा आणि टाकी यांच्यात जागा उरत नसेल तर गल्लीत गाडी वळवताना बोट चिरडेल. काही जण त्यासाठी फ्रेमवरचे थांबे भरून वळण कमी करतात, पण त्याने गाडी अरुंद जागेत वळेनाशी होते. दुसरी तपासणी इंजिन चालू ठेवून करायची. हँडल डावीउजवीकडे वळवताना इंजिनचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, आणि वळणावर गाडी आपोआप वेग घेणे फार धोक्याचे आहे.

रिअरसेटमध्ये गिअरचा दांडा कसा जोडला आहे ते आधी समजून घ्यावे. गिअरच्या शाफ्टवरची छोटी पट्टी मूळ लिव्हरच्या उलट दिशेला तोंड करून बसली तर गिअरचा क्रम उलटा होतो, आणि जुन्या सवयीचा पाय ऐनवेळी चुकीचा गिअर टाकतो. किकचा दांडा उजव्या रिअरसेटला आपटतो का, हेही पाहावे. मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच मूळ पेडलवर असतो. पेडल गेल्यावर तो पुन्हा बसवायचा राहून जातो आणि मागून येणाऱ्याला आपण थांबतो आहोत हे कळत नाही.

पुढचा भाग खाली दिसावा म्हणून फोर्कच्या नळ्या वरच्या पट्टीतून जास्त वर काढण्याची फॅशन आहे, त्याच वेळी मागे लांब शॉकॲब्सॉर्बर लावतात. दोन्हींमुळे स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, घटतो. गाडी वळायला चपळ होते, पण सरळ रस्त्यावर वेगात हँडल अस्वस्थ होते. थोडेसे करावे आणि चालवून पाहावे.

गिअरपेटी

ब्रेकबद्दल विचारतो. पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क लावणे अपरिहार्य आहे का?

चक्रधर

माझ्या मते नाही. या गाडीच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू अग्रेसर असतात, म्हणजे चाकाच्या फिरण्यानेच दोन्ही शू ड्रमवर अधिक दाबले जातात. नीट जुळवलेला असा ब्रेक ३२५ सीसीच्या हलक्या गाडीला पुरतो. तो कमजोर वाटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन्ही कॅम जोडणारी बाहेरची सळई चुकीच्या लांबीवर असते आणि एकच शू काम करतो. सळईचे लॉकनट सैल करावे, एका कॅमचा शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवावा, दुसऱ्याचाही तसाच टेकवावा आणि दोन्ही टेकलेल्या स्थितीत सळईची लांबी पक्की करावी. शूचा गोलवा ड्रमच्या गोलव्याशी मिळवून घेतला तर फरक लिव्हरवरच्या दोन बोटांना कळतो. जाता जाता, या ब्रेकचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. चढावर गाडी मागे घरंगळू लागली तर तो फारसा धरत नाही, कारण चाक उलटे फिरताना तेच शू ढिले पडतात.

टायरबद्दलही सांगून टाकतो. मूळ माप पुढे ३.००-१८ आणि मागे ३.५०-१८ आहे. अरुंद रिमवर जाडजूड टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी कलताना अचानक पडल्यासारखी वाटते. टायर जुना असेल तर त्याच्या बाजूवरचा चार अंकी शिक्का वाचावा, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर खोल नक्षी दिसत असली तरी तो फेकून द्यावा.

गंजखाऊ

टाकीचे कोणी लिहिले नाही. बाहेरून पुटी भरून रंग दिलेल्या टाकीत आतून गंज असेल तर कार्बोरेटर कितीही साफ केले तरी पुन्हा तुंबणार. मला विद्युत पद्धत सर्वांत सौम्य वाटते. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी भरावे, तोंडातून साध्या लोखंडाची सळई टाकीला कोठेही न टेकता लोंबकळती ठेवावी, साध्या चार्जरची धन तार सळईला आणि ऋण तार टाकीला जोडावी. गंज सुटत जातो, चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ ठिणगी होऊ देऊ नये.

टाकी धुतल्यावर लगेच गरम हवेने सुकवून आत थोडे तेल फिरवावे, नाहीतर डोळ्यांदेखत नारिंगी गंजाचा पातळ थर पुन्हा धरतो. आतून अस्तर लावण्याची घाई नको. गंजावर लावलेले अस्तर काही काळाने पापुद्र्यांनी सुटते, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काही अस्तरे मऊ पडतात. टाकीला बारीक भोके असतील तरच त्या वाटेला जावे.

फ्यूज

वायरिंगबद्दल थोडक्यात. जुने हार्नेस संपूर्ण उपटण्याआधी प्रत्येक वायरला चिठ्ठी लावावी आणि आकृती काढावी. या पिढीतल्या गाड्यांची चार्जिंग व्यवस्था बल्बचा भार गृहीत धरून आखलेली असते. एलईडी दिवे लावून तो भार घटवला आणि रेग्युलेटर जुनाच ठेवला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळू शकते. नवा रेग्युलेटर-रेक्टिफायर त्याच वेळी बसवावा. इंडिकेटर एलईडी केले तर जुना फ्लॅशरही बदलावा लागतो, तो कमी भारावर नीट मिचकत नाही. आणि अर्थची एक वायर इंजिनपासून थेट बॅटरीपर्यंत न्यावी, रंगवलेल्या फ्रेमच्या भरवशावर राहू नये.

चक्रधर

सर्वांचे आभार. यातून माझा क्रम पुढीलप्रमाणे ठरला आहे. हेड उघडून व्हॉल्व्ह आणि रिंगांचे काम करायचे. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही, वेगाने फिरणाऱ्या एका वाटीत ऑइलमधला गाळ कडेला फेकला जाऊन साचतो. ती वाटी उघडून खरवडल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, कारण वर्षानुवर्षांचा घट्ट गाळ तिच्यात बसलेला असणार आणि वर कॅमशाफ्टला स्वच्छ तेल मिळणे या इंजिनात फार महत्त्वाचे आहे. मग मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर आणि मूळ हँडलवर गाडी चालवून प्लगचा रंग नोंदवून ठेवायचा. त्यानंतर एका वेळी एकच बदल. आधी क्लिप-ऑन आणि रिअरसेट जोडीने, कारण मनगट यांनी म्हटल्याप्रमाणे ते एकच काम आहे, मग सीट, मग वायरिंग. सायलेन्सर सर्वांत शेवटी, आणि त्या दिवशी इतर कशालाही हात लावायचा नाही. फिल्टर मूळचेच राहतील. ठिणगी यांना त्रिकोण भरलेला दिसेल, त्याला इलाज नाही.

गिअरपेटी यांच्या रंगाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. सगळे आधार, हूप आणि पट्ट्या वेल्ड होऊन गाडी बिनरंगाची पुरेशी चालवून झाल्यावर, कोठे तडा नाही आणि कोठे काही घासत नाही याची खात्री पटल्यावरच ती पुन्हा पूर्ण सुटी करायची आणि फ्रेम पावडर कोटिंगला द्यायची. त्या वेळी कोन सेटच्या वाट्या बसतात ती जागा, इंजिनच्या बोल्टांची भोके, स्विंगआर्मचा दांडा जातो ती नळी, अर्थ जोडण्याची जागा आणि फ्रेम क्रमांक एवढे झाकूनच कोटिंग व्हायला हवे, आणि ही यादी मी तोंडी न सांगता फ्रेमला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून देणार आहे.